अणुभट्टीतली उष्णता आणि मशीन लर्निंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेक्टचा सीझन आला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे टाकतोय. वरचे प्रश्न बेसिक आहेत, खाली जाल तसे किचकट होत जातात, आणि एखादी गोष्ट आधी सांगून झाली असेल तर तिथला नंबर दिलाय. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी क्रिटिकल हीट फ्लक्स (पुढे नुसतं सीएचएफ) धरलंय, कारण ह्या विषयात मशीन लर्निंगचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात तपासलेलं काम तिथेच झालंय.

१. रिॲक्टरमध्ये हीट ट्रान्सफरचं एवढं काय असतं? पाणी तापवायचं, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं, झालं की.

झालंच, पण किती वेगाने उष्णता काढून नेता येते ह्यावर रिॲक्टरची पॉवर ठरते. युरेनियममधून हवी तेवढी उष्णता निघू शकते, ती पाण्याने उचलली पाहिजे. नेहमीचा प्रेशराइज्ड वॉटर रिॲक्टर घ्या. दाब साधारण १५५ बार, त्या दाबाला पाणी ३४५ अंशांच्या आसपास उकळतं, आणि ते आत येतं २९० च्या आसपास आणि बाहेर पडतं ३२५ च्या आसपास. म्हणजे सरासरी पाणी उकळतच नाही, पण इंधनाच्या कांडीच्या पृष्ठभागावर जिथे जास्त तापलंय तिथे बारीक बुडबुडे सुटत असतात. कांडी जेमतेम साडेनऊ मिलिमीटर जाड, आत युरेनियम डायऑक्साइडच्या गोळ्या, मग गॅसची बारीक फट, मग झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी (क्लॅडिंग), मग पाणी. युरेनियम डायऑक्साइड उष्णता फार वाईट वाहून नेतं, त्यामुळे गोळीचा मध्य हजार अंशांच्या वर आणि त्याच कांडीची बाहेरची बाजू साडेतीनशेच्या आत-बाहेर, आणि हे सगळं पाच मिलिमीटरच्या अंतरात. ही साखळी कुठे तुटते ते ओळखणं हाच सगळा खेळ.

२. सीएचएफ म्हणजे नक्की काय? पुस्तकातली व्याख्या नको, समजेल असं सांगा.

तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब टाकले की मध्यम गरम तव्यावर ते चर्र करून लगेच उडून जातात, आणि तवा फारच तापला असेल तर मात्र थेंब नाचत राहतो, लवकर संपत नाही. तवा जास्त गरम असूनही थेंबाला उष्णता कमी मिळते, कारण मध्ये वाफेचा पापुद्रा आलाय आणि वाफ उष्णता नीट जाऊ देत नाही. कांडीवर हेच होतं. हीट फ्लक्स (पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारी उष्णता) वाढवत नेला तर एका मर्यादेपर्यंत बुडबुडे फायद्याचे असतात, उलट उष्णता झपाट्याने नेतात, पण ती मर्यादा ओलांडली की बुडबुडे एकत्र येऊन पृष्ठभाग झाकतात आणि तापमान एकदम उसळी मारतं. ती मर्यादा म्हणजे सीएचएफ.

सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात नुकियामा ह्यांनी १९३४ मध्ये हे तारेवर दाखवलं. पाण्यात बुडवलेल्या तारेतून करंट वाढवत न्यायचा आणि तारेच्याच रेझिस्टन्सवरून तिचं तापमान काढायचं. निक्रोमची तार मर्यादा ओलांडताच वितळून तुटली, प्लॅटिनमची टिकली, म्हणून पुढचा भाग मोजता आला. साध्या हवेच्या दाबाला शांत पाण्यात ही मर्यादा साधारण १ मेगावॉट प्रति चौरस मीटर येते. तारेच्या जागी इंधनाची कांडी ठेवून बघा म्हणजे लोक एवढे का घाबरतात ते कळेल.

३. डीएनबी, ड्रायआउट, बर्नआउट, बॉयलिंग क्रायसिस, हे सगळं एकच का?

बोलताना लोक एकच म्हणून वापरतात, पण डीएनबी आणि ड्रायआउट ह्यांची यंत्रणा वेगळी आहे आणि मॉडेल बनवताना हा फरक नडतो. डीएनबी (डिपार्चर फ्रॉम न्यूक्लिएट बॉयलिंग) म्हणजे पाणी भरपूर आहे, वाफ कमी आहे, पण भिंतीलगत बुडबुड्यांची गर्दी झाली. ड्रायआउट म्हणजे वाफच जास्त, भिंतीवर पाण्याचा पातळ थर वाहतोय आणि तो वाळून संपला. पहिला प्रेशराइज्ड वॉटर रिॲक्टरचा प्रश्न, दुसरा बॉयलिंग वॉटर रिॲक्टरचा (तारापूरची १९६९ मधली पहिली दोन युनिट्स ह्याच जातीची). डीएनबीत तापमान एकदम चढतं, ड्रायआउटमध्ये बरेचदा त्या मानाने सौम्य. बर्नआउट आणि बॉयलिंग क्रायसिस हे शब्द दोन्हीला वापरतात, जुन्या पेपरांमध्ये बर्नआउट जास्त दिसेल.

४. रिॲक्टर बंद केला की उष्णता थांबते ना? मग अपघात कसे होतात?

थांबत नाही. साखळी अभिक्रिया बंद झाली तरी फुटलेल्या तुकड्यांचा किरणोत्सर्ग चालू असतो. बंद केल्याबरोबर साधारण ६ ते ७ टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास पॉवर उरते. ३००० मेगावॉट थर्मलच्या रिॲक्टरचा अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट, आणि ती काढायला पंप चालले पाहिजेत. फुकुशिमात २०११ मध्ये रिॲक्टर भूकंपानंतर व्यवस्थित बंद झाले होते, त्सुनामीने वीज गेली आणि ही उरलेली उष्णता काढता आली नाही.

५. हीट ट्रान्सफरची सूत्रं शंभर वर्षं आहेत. मग मशीन लर्निंग कशाला? फॅशन म्हणून?

थोडी फॅशन आहेच, नाकारत नाही. पण बघा, आपण ज्याला सूत्र म्हणतो ते इथे बहुतेक वेळा प्रयोगाच्या ठिपक्यांतून काढलेली रेघच असते. नळीतल्या प्रवाहात किती उष्णता जाते ते सांगणारं डिटस-बोल्टर सूत्र १९३० चं, त्यातला तो ०.०२३ कुठल्याही मूलभूत नियमातून निघालेला नाही, डेटाला बसवलेला आहे, आणि २०-२५ टक्के चूक असली तरी लोक चालवून घेतात. सीएचएफला तर अशी सूत्रं शेकड्यांनी आहेत, प्रत्येकाची आपापली हद्द. वेस्टिंगहाउसच्या टाँग ह्यांचं डब्ल्यू-३ हे १९६० च्या दशकातलं सूत्र पाठ्यपुस्तकात बघा, एवढे आकडे आणि एक्स्पोनेन्शियल आहेत की ते हाताने केलेलं रिग्रेशन आहे हे लगेच कळतं.

पुढची पायरी म्हणजे लुकअप टेबल. कॅनडा आणि रशियातल्या लोकांनी मिळून जगभरचा डेटा एकत्र करून दाब, मास फ्लक्स (नळीच्या छेदाच्या दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारं पाणी) आणि वाफेचं प्रमाण (क्वालिटी) ह्या तीन गोष्टींवर ८ मिलिमीटरच्या नळीचा सीएचएफ देणारा तक्ता बनवला. ग्रोएनेवेल्ड ह्यांचं नाव त्याला जोडलेलं असतं आणि २००६ ची आवृत्ती सगळ्यात जास्त वापरली जाते. व्यास वेगळा असेल तर करेक्शन फॅक्टर लावायचा. डेटा घ्या, गुळगुळीत करा, मधल्या जागी इंटरपोलेशन करा, हे मशीन लर्निंग नाही तर काय आहे? त्यामुळे कोणी म्हटलं की भौतिकशास्त्र सोडून एआयच्या मागे लागलात, तर त्यांना हा तक्ता दाखवा. आणि न्यूरल नेटवर्कने सीएचएफ काढण्याचे पेपर नव्वदच्या दशकातले आहेत, कोरियातले बरेच, म्हणजे नवीनही काही नाही. नवीन आहे ते डेटा उघड झालाय हे (प्र. ८).

६. मग मशीन लर्निंग नेमकं कुठे बसवतात?

एक म्हणजे प्र. ५ मधल्या सूत्राच्या जागी. रेलॅप५, ट्रेस, काथार असे सिस्टीम कोड असतात जे अख्ख्या प्लँटचे पाइप, पंप, कोअर बहुतेक करून एका आयामात सोडवतात, आणि भिंतीवरून पाण्यात किती उष्णता गेली ते त्यांना बाहेरून सांगावं लागतं. रेलॅप५ मध्ये सीएचएफसाठी अजून १९८६ च्या लुकअप टेबलचा आधार आहे. तिथे शिकवलेलं मॉडेल बसवायचं. दुसरं म्हणजे पूर्ण कोडचीच नक्कल करणारं हलकं मॉडेल, ज्याला सरोगेट म्हणतात, आणि त्याचा खरा उपयोग प्र. १४ मध्ये आहे. तिसरं, सेन्सरचे आकडे बघून कुठला थर्मोकपल बिघडलाय किंवा आत न मोजता येणारं तापमान किती असेल त्याचा अंदाज. शिवाय उकळत्या पाण्याच्या हाय-स्पीड व्हिडिओवरून बुडबुडे मोजण्याचं काम आहे. हे मला सगळ्यात मजेशीर वाटतं पण प्रोजेक्टला घेऊ नका, कॅमेरा आणि तापवायचा सेटअप जमवता जमवता सेमिस्टर संपतं.

७. म्हणजे एआय रिॲक्टर चालवणार? तारापूरला असं काही आहे का?

नाही. रिॲक्टर बंद करणारी प्रोटेक्शन सिस्टीम ठरलेल्या मर्यादांवर चालते, ती मुद्दाम साधी ठेवतात, आणि तिच्यात तुमचं न्यूरल नेटवर्क कोणी घुसवू देणार नाही. आपल्याकडे सुरक्षेची परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणजे एईआरबी देतं आणि तिथे प्रत्येक गणिताची हद्द, चूक आणि पुरावा दाखवावा लागतो. ह्या पानावरचं सगळं विश्लेषणाबद्दल आहे, कंट्रोल रूमबद्दल नाही.

८. डेटा कुठे मिळेल? अणुभट्टीचा डेटा म्हटलं की सगळं गुप्तच असणार.

सीएचएफच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. लुकअप टेबलच्या मागचा डेटा अमेरिकेच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, २४,५७९ ठिपके. सगळे उभ्या, गोल, सारख्या तापवलेल्या नळीतून वर जाणाऱ्या पाण्याचे आहेत, आणि पन्नासहून जास्त वेगवेगळ्या स्रोतांतून अनेक दशकांत जमवलेत. व्यास २ ते १६ मिलिमीटर, दाब १ बारपासून २०० बारपर्यंत. ओईसीडीच्या न्यूक्लिअर एनर्जी एजन्सीने ह्याच डेटावर मशीन लर्निंगचा बेंचमार्क काढलाय, म्हणजे जगभरातले गट एकाच डेटावर मॉडेल चालवून ताडून बघतात. रॉड बंडलसाठी (कांड्यांच्या जुडग्यासाठी) जपानमध्ये केलेले पीएसबीटी आणि बीएफबीटी हे प्रयोग आहेत, ते बेंचमार्कमधूनच मिळतात पण मागणी करावी लागते.

कंपन्यांचा स्वतःच्या इंधनाचा डेटा मिळणार नाही, तो विसरा. आणि कृपा करून जुन्या पेपरमधल्या ग्राफवर क्लिक करून काढलेले ठिपके ह्या डेटात मिसळू नका, एकच प्रयोग दोनदा येतो आणि मग प्र. १२ मधली भानगड होते.

९. कुठलं मॉडेल घेऊ? जीपीयू लागेल का? मी मेकॅनिकलचा आहे, कोडिंग जेमतेम.

पंचवीस हजार ओळी आणि पाच-सहा कॉलम, एवढाच डेटा आहे हो. कुठल्याही लॅपटॉपवर होतं, कोलॅबचं फुकट मशीनही जास्त झालं. आधी लुकअप टेबल चालवा आणि त्याची चूक लिहून ठेवा, मग रँडम फॉरेस्ट किंवा बूस्टिंग, मग साधं तीन-चार थरांचं न्यूरल नेटवर्क. ट्रान्सफॉर्मर वगैरे लावायचा मोह होईल, टाळा. गॉसियन प्रोसेस छान आहे कारण तो अंदाजासोबत खात्रीही सांगतो, पण पंचवीस हजार ठिपक्यांवर सरळ लावला तर मेमरी संपते, थोडे ठिपके निवडून वापरणारी आवृत्ती घ्या. झाडांवर आधारलेल्या मॉडेलचा एक दोष लक्षात ठेवा, त्यांचा आलेख पायऱ्या-पायऱ्यांचा येतो, आणि सिस्टीम कोडमध्ये बसवल्यावर त्या पायऱ्यांवर सॉल्व्हर अडखळतो. मेकॅनिकलचे असाल तर उलट चांगलंच आहे, प्र. ११ मधली चूक कॉम्प्युटरवाल्यांकडून जास्त होते.

१०. फिजिक्स-इन्फॉर्म्ड म्हणतात ते काय? आमच्या गाइडना तेच हवंय.

ह्या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, न्यूरल नेटवर्कच्या लॉस फंक्शनमध्ये (शिकताना चूक मोजणाऱ्या सूत्रात) समीकरणच टाकायचं, म्हणजे नेटवर्कचं उत्तर उष्णतेचं समीकरण मोडत असेल तर दंड. कांडीतली उष्णता कशी पसरते त्यासाठी हे जमतं, समीकरण स्वच्छ आहे. सीएचएफला असं समीकरणच आपल्याकडे नाही, डीएनबी नक्की कशाने होतं ह्यावर अजून दोन-तीन मतं आहेत, मग लॉसमध्ये टाकणार काय?

तिथे दुसरी गोष्ट चालते. लुकअप टेबल किंवा एखादं चांगलं सूत्र पायाला ठेवायचं आणि मॉडेलला फक्त त्याची चूक शिकवायची. ह्याला हायब्रिड किंवा रेसिड्युअल पद्धत म्हणतात. डेटा कमी असेल तिथे ही साध्या नेटवर्कपेक्षा बरी पडते, आणि माहितीच्या बाहेर गेलात तर निदान जुन्या सूत्राच्या आसपास राहते, वेडंवाकडं काही सांगत नाही (चूक शून्याकडे जाईल अशी रचना केली असेल तर, आपोआप होत नाही). गाइडना विचारा ह्यातलं कुठलं हवंय. बहुतेकदा दुसरंच हवं असतं.

११. माझं आर-स्क्वेअर ०.९९९ आलंय! पेपर पाठवू का?

थांबा. आधी सांगा, इनपुटमध्ये काय काय दिलंय? दाब, मास फ्लक्स, व्यास, तापवलेली लांबी, आत येणाऱ्या पाण्याचं सबकूलिंग (ते उकळबिंदूच्या किती खाली आहे), आणि बाहेर पडतानाची क्वालिटी, हे सगळं एकत्र दिलं असेल तर मॉडेल काहीही शिकलेलं नाही, त्याने उत्तरपत्रिका वाचलीय.

आकडे घालून बघू. नळी ८ मिलिमीटर, तापवलेली लांबी २ मीटर, मास फ्लक्स २००० किलो प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, दाब ७० बार. ह्या दाबाला वाफेची सुप्त उष्णता साधारण १५०५ किलोज्यूल प्रति किलो. समजा पाणी उकळबिंदूपेक्षा २०० किलोज्यूल प्रति किलो खाली असताना आत आलं आणि बाहेर पडताना क्वालिटी ०.५ आहे. मग प्रत्येक किलो पाण्याने किती उष्णता घेतली? २०० अधिक १५०५ चे निम्मे, म्हणजे ९५२.५ किलोज्यूल. नळीचं क्षेत्रफळ गुणिले मास फ्लक्स म्हणजे ०.१००५ किलो प्रति सेकंद पाणी. दोन्हींचा गुणाकार ९५.७ किलोवॉट. नळीची आतली बाजू ०.०५०३ चौरस मीटर, भागा, आलं १९०५ किलोवॉट प्रति चौरस मीटर. हाच त्या ठिपक्याचा सीएचएफ. उकळण्याचा एक शब्द न काढता, नुसत्या ऊर्जेच्या हिशोबाने आला! कारण डेटात क्वालिटी वेगळी मोजलेलीच नसते, मोजलेल्या हीट फ्लक्सवरूनच काढून लिहिलेली असते.

म्हणून दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, इनलेटची माहिती द्या (दाब, मास फ्लक्स, व्यास, लांबी, इनलेट सबकूलिंग) आणि क्वालिटी देऊ नका. दोन, स्थानिक माहिती द्या (दाब, मास फ्लक्स, व्यास, क्वालिटी) आणि लांबी व इनलेट दोन्ही एकदम देऊ नका. आता एक गंमत, एकाच लुकअप टेबलची चूक पहिल्या पद्धतीने तपासली तर काही टक्के येते आणि दुसऱ्या पद्धतीने कितीतरी जास्त. पहिल्या पद्धतीत अंदाज वर सरकला की त्याबरोबर क्वालिटीही वर सरकते आणि अंदाजाला खाली खेचते, म्हणजे चूक आपोआप दबली जाते. त्यामुळे आमच्या मॉडेलने लुकअप टेबलला हरवलं असं लिहिताना दोन्हींना एकाच पद्धतीने तपासलंय ना एवढं बघा. छापून आलेल्या कामांतही ही तुलना घसरलेली दिसते.

१२. ते टाळलंय. रँडम ८०-२० स्प्लिट केलाय. आता तर ठीक?

अर्धं ठीक. सीएचएफचे प्रयोग असे होतात की एक नळी लावायची, दाब आणि फ्लो धरून ठेवायचा, आणि इनलेटचं तापमान थोडं थोडं बदलत दहा-वीस ठिपके घ्यायचे. रँडम स्प्लिटमध्ये त्या मालिकेतले काही ठिपके ट्रेनिंगला आणि त्यांचे सख्खे शेजारी टेस्टला जातात. मॉडेलला फक्त दोन शेजाऱ्यांच्या मधलं सांगायचं असतं, ते कोणीही सांगेल. प्रयोगशाळा किंवा स्रोत धरून स्प्लिट करा, म्हणजे एका गटाचा अख्खा डेटा बाजूला ठेवायचा. आकडा पडेल, आणि पडलेला आकडाच रिपोर्टमध्ये लिहा. त्याशिवाय व्यासाच्या एका टोकाचे ठिपके बाहेर काढूनही एकदा बघा.

१३. चूक कशात मोजू? आर-स्क्वेअर, आरएमएसई, टक्के?

डेटातला सीएचएफ ५० किलोवॉट प्रति चौरस मीटरच्या आसपासपासून १६,००० च्या वरपर्यंत पसरलाय. साधा स्क्वेअर एरर लावला तर मॉडेल मोठ्या आकड्यांचीच काळजी घेतं, आणि लहान आकडे, म्हणजे नेमकी कमी फ्लो आणि जास्त वाफेची परिस्थिती, वाऱ्यावर सोडतं. टार्गेटचा लॉग घ्या किंवा सापेक्ष चूक वापरा. आर-स्क्वेअर सांगायला हरकत नाही, पण एकट्यावर विसंबू नका.

आणि इथे चुकीला दिशा आहे. सीएचएफ कमी सांगितला तर पॉवर थोडी वाया गेली, जास्त सांगितला तर क्लॅडिंग गेलं. म्हणून सरासरीपेक्षा शेपटी बघा, किती ठिपक्यांत मॉडेलने जास्त सांगितलंय आणि किती जास्त.

१४. मॉडेल किती खात्रीने सांगतंय ते कसं दाखवायचं? ९५/९५ म्हणजे काय?

९५ टक्के परिस्थितींत कांडी वाचेल हे ९५ टक्के विश्वासाने सांगता आलं पाहिजे, असा तो दंडक आहे. डब्ल्यू-३ वापरताना डीएनबीआर (सीएचएफ भागिले प्रत्यक्ष हीट फ्लक्स) १.३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही असं म्हणतात, तो १.३ ह्याच हिशोबातून आलाय. सूत्र जेवढं विखुरलेलं तेवढी ही मर्यादा वर जाते, म्हणजे चांगल्या मॉडेलची किंमत इथे सरळ पॉवरमध्ये मोजता येते.

पूर्ण प्लँटच्या कोडसाठी विल्क्सची युक्ती वापरतात, अनिश्चित इनपुट रँडम बदलून ५९ वेळा कोड चालवायचा आणि सगळ्यात वाईट उत्तर धरायचं. ५९ का? ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या जरासा खाली येतो म्हणून. पण सगळ्यात वाईट ठिपका धरला की उत्तर फार उड्या मारतं, परत ५९ चालवले तर वेगळंच येईल. सरोगेट इथे कामाला येतो, हजारो वेळा चालवता येतो. मात्र मग सरोगेटची स्वतःची चूकही हिशोबात धरा, लोक ती विसरतात. नेटवर्कची खात्री काढायला एन्सेम्बल, ड्रॉपआउट, कॉन्फॉर्मल असं काहीही घ्या, पण ९५ टक्के म्हणून दिलेल्या पट्ट्यात बाजूला ठेवलेल्या स्रोताचे (प्र. १२) खरंच ९५ टक्के ठिपके बसतात का ते मोजून दाखवा.

१५. नळीवर शिकवलेलं मॉडेल खऱ्या इंधनाच्या बंडलला चालेल का?

सरळ नाही. बंडलमध्ये पाणी कांड्यांच्या मधल्या वाकड्या जागेतून जातं आणि शेजारच्या जागेत मिसळतं. कांड्या जागेवर धरणाऱ्या जाळीवर पाणी घुसळायला पंखासारखे पत्रे असतात, त्याने सीएचएफ वाढतो. शिवाय नळी सगळीकडे सारखी तापवलेली, कांडी मधे जास्त आणि टोकांना कमी. त्यासाठी टाँग ह्यांचा एफ-फॅक्टर आहे, पाणी त्या जागी पोचण्याआधी वाटेत झालेल्या तापण्याची आठवण ठेवणारा. रस्ता असा, आधी सबचॅनल कोडने प्रत्येक जागेतला फ्लो आणि क्वालिटी काढायची, मग तिथे स्थानिक पद्धतीचं मॉडेल (प्र. ११ मधलं दुसरं) लावायचं, आणि थोड्या बंडल डेटावर परत शिकवायचं.

१६. आपल्याकडे तर जास्त करून जड पाण्याचे पीएचडब्ल्यूआर आहेत. त्यांना?

प्र. १५ ची सगळी अडचण, वर दोन जास्तीच्या. पहिली, चॅनल आडवे आहेत. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॉटच्या युनिटमध्ये असे ३९२ चॅनल आहेत, प्रत्येकात ३७ कांड्यांची सुमारे अर्ध्या मीटर लांबीची बंडलं एकापुढे एक ठेवलेली. फ्लो जोरात असेल तर आडवं-उभं फार फरक पडत नाही, पण फ्लो कमी झाला की वाफ वर आणि पाणी खाली असं वेगळं होतं आणि वरच्या कांड्या आधी उघड्या पडतात. उभ्या नळीच्या डेटात हे कुठेच नाही.

दुसरी अडचण वयाची. वर्षानुवर्षं न्यूट्रॉन, दाब आणि उष्णता खाऊन प्रेशर ट्यूबचा (बंडलं ज्या नळीत असतात तिचा) व्यास हळूहळू वाढतो. बंडल तळाला टेकलेलं, त्यामुळे वर फट पडते आणि पाणी कांड्यांमधून जाण्याऐवजी त्या मोकळ्या फटीतून निघून जातं. सीएचएफ खाली येतो. म्हणजे मॉडेलला ट्यूब किती फुगलीय हा इनपुट हवा, आणि त्याचा उघड डेटा फार थोडा आहे. ह्यावर काम करायचं असेल तर आधी भाभा अणुसंशोधन केंद्र किंवा अणुवीज प्रकल्प चालवणाऱ्या एनपीसीआयएलमध्ये कोणी सोबत घेतंय का बघा, बाहेर बसून होणार नाही.

१७. सोडियम किंवा सुपरक्रिटिकल पाण्याला हेच मॉडेल थोडं बदलून?

सोडियमला अजिबात नाही. कल्पक्कमच्या फास्ट रिॲक्टरमध्ये सोडियम वाहतं, ते ८८३ अंशांला उकळतं, म्हणजे नेहमीच्या कामात सीएचएफचा प्रश्नच नाही. तिथली अडचण वेगळी, सोडियमची प्रांट्ल संख्या ०.००५ च्या आसपास, पाण्याच्या शेकडोपट कमी. उष्णता घुसळण्यापेक्षा धातूतूनच झिरपते, त्यामुळे पाण्यावर शिकलेलं काहीही, डिटस-बोल्टरसकट, चुकतं.

सुपरक्रिटिकल पाण्यात उकळणं नाही पण २५० बारला ३८४ अंशांच्या आसपास सगळे गुणधर्म एकदम बदलतात, आणि काही वेळा उष्णता जाणं अचानक ढासळतं. ही ढासळण्याची जागा सूत्रांना नीट पकडता येत नाही, म्हणून मशीन लर्निंगला वाव आहे. प्रोजेक्टला विषय चांगला, डेटा मात्र विखुरलेला.

१८. मग सीएफडी (पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवणं) शिकण्यात अर्थ आहे का? सगळं एआयच करणार असेल तर.

सरोगेटला शिकवायला आकडे कुठून येणार? ओपनफोम हे सीएफडीचं फुकट सॉफ्टवेअर शिका.

१९. माझ्या मॉडेलच्या आलेखात एका ठिकाणी एकदम उतार येतो. ओव्हरफिटिंग आहे का? गुळगुळीत करू?

हा प्रश्न तपासल्याशिवाय उत्तर देऊ नये असा आहे. तपासायची पद्धत अशी, बाकी सगळे इनपुट स्थिर ठेवायचे आणि एकच हळूहळू बदलत आलेख काढायचा. बेंचमार्कमध्येही असे काप मागतात. आलेख विनाकारण वरखाली होत असेल, दोन ठिपक्यांच्या मधे डोंगर उगवत असेल, तर ओव्हरफिटिंग, आणि ते टेस्टच्या आकड्यात बरेचदा दिसत नाही.

पण क्वालिटीच्या आलेखात एकच तीव्र उतार असेल तर हात आवरा. काही दाब आणि फ्लोला एका ठरावीक क्वालिटीच्या आसपास सीएचएफ खरोखरच कड्यासारखा कोसळतो. ह्याला लिमिटिंग क्वालिटी म्हणतात, रशियन प्रयोगांत दोरोशचुक ह्यांनी हे दाखवलं होतं. भिंतीवरचा थर जाड असताना एक यंत्रणा आणि पातळ झाल्यावर दुसरी, त्या दोघींचा सांधा आहे तो. लुकअप टेबल बनवताना असे सांधे थोडे गुळगुळीत केले गेले, त्यामुळे टेबलशी ताडलं तर तुमचंच मॉडेल चुकीचं दिसेल. मूळ डेटातल्या त्या भागातल्या मालिका उघडा, कोणत्या स्रोताच्या आहेत बघा, आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांच्या ठिपक्यांत तोच उतार त्याच जागी दिसत असेल तर तो तसाच राहू द्या. एकाच स्रोतात दिसत असेल तर तो स्रोत बाहेर काढून परत शिकवा आणि उतार जागेवर राहतो का बघा.